शेवटची बोटभर काच

खंडारे बाईंच्या जलदानविधीला, रिसोडच्या विहारात, एक शोकसंदेश वाचून दाखवला गेला. पाठवणारे साहेब आले नव्हते, त्यांचं लेटरहेड आलं होतं. त्यावर लिहिलं होतं : 'स्वर्गीय खंडारे बाई अतिशय क्षमाशील होत्या. आयुष्यात त्यांनी कुणाबद्दल मनात काही ठेवलं नाही.'

आमच्यात स्वर्गीय म्हणत नाहीत, कालकथित म्हणतात. तेवढं विचारायची तसदीही घेतली नव्हती. ते एक वेळ सोडा. पण दुसरं वाक्य ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. कारण बाईंनी ज्या माणसाबद्दल सगळ्यात जास्त मनात ठेवलं, तोच हा माणूस. आणि विहारातली माणसं माना डोलवत होती. गेलेल्या बाईला क्षमाशील म्हणून टाकायची आपल्याकडे पद्धतच आहे. एकदा म्हटलं की तिच्याशी कोण कसं वागलं ते कुणी काढत नाही.

तिथं मी बोलले नाही. बाईंची लेक माझ्या पुढ्यात बसली होती. इथं बोलते.

खंडारे बाई क्षमाशील नव्हत्या. त्यांच्याइतकं धरून ठेवणारं माणूस मी पाहिलं नाही, आणि तो त्यांचा गुण होता असं माझं स्पष्ट मत आहे.

रिसोडला स्टँडवरून मार्केट यार्डाकडे जाताना डाव्या हाताला त्यांचं दुकान होतं. दहा बाय आठची खोली, पाटी नाही. दारात दोन-तीन टीव्ही कायम पालथे पडलेले, तीच पाटी. आत स्टुलावर बाई. बारीक चणीच्या, साठीला आलेल्या, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली, कानावर पेन्सिल आणि अंबाड्यात टेस्टर खोचलेला. लागला की हात मागं जायचा, न पाहता. लग्नाकार्यालाही तो तिथंच. एकदा लेक म्हणाली, "माय, आज तरी काढ व थो टेस्टर." तर म्हणाल्या, "काहून? मांडवात लाईन जाणार नाई याची ग्यारंटी तू देतं का?"

गिऱ्हाइकानं गोष्ट सांगायला सुरुवात केलेली त्यांना खपत नसे.

"बाई, त्याचं असं झालं, परवा आमच्याकडे पाव्हणे आले—"

"पाव्हणे बंद पडले का टीव्ही?"

"टीव्ही."

"मंग पाव्हण्याईले बसू दे घरी. बंद हाये का अर्धा चालू, येवढं सांग."

दुरुस्तीचा त्यांचा क्रम ठरलेला. पह्यले सप्लाय पाहायचा, मंग जोड, मंग सेटिंग, आन शेवटी माणूस. म्हणजे मशीनमध्ये काहीच सापडलं नाही, की ते कुणी हाताळलं ते शोधायचं. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. पण माणसापर्यंत पोचल्या की मग सोडायच्याही नाहीत.

दुरुस्त झालेल्या प्रत्येक डब्याच्या आतल्या बाजूला त्या पेन्सिलीनं लिहायच्या : तारीख, दोष, य. खंडारे. पुष्कळ जुने मिस्त्री एवढं लिहितात. बाई आणखी एक ओळ लिहायच्या. आधी कुणी घाण करून ठेवली असेल तर त्याचंही नाव. 'तार उलटी जोडली, अमुक मिस्त्री, स्टँडजवळ.' मी म्हटलं, हे वाचणार कोण? आतून तर लिहिता. म्हणाल्या, "जो उघडन थो वाचन. दुसऱ्या खेपी उघडलं तर समजलं पायजे कोनं काय केल्लं." तालुक्यातल्या निम्म्या घरांत भिंतीवरच्या टीव्हीच्या पोटात कुणा ना कुणा मिस्त्रीची अब्रू लिहिलेली आहे. घरच्यांना पत्ता नाही. मिस्त्रींना आहे. बाई रस्त्यानं चालल्या की दोघं-तिघं दुकानात उगाच काहीतरी शोधायला वाकायचे.

त्यांची स्वतःची सुरुवात कशी झाली, तेही ऐका. तरुणपणी रेडिओ-टीव्हीचा ट्रेड शिकल्या, वर्गात एकटी मुलगी. मग एका उस्तादाच्या दुकानात कामाला लागल्या. दीड वर्ष त्यानं त्यांना सोल्डरिंग आयर्नला हात लावू दिला नाही. "बाईच्या हाताले गरम वस्तू नको," म्हणायचा आणि झाडू द्यायचा. चहाची किटली मात्र गरम असली तरी चालायची. बाई झाडता झाडता त्याच्या पाठीमागं उभ्या राहून शिकल्या.

पुष्कळ वर्षांनी तोच उस्ताद रिसोडच्या दुकानात आला. डोळ्यांत मोतीबिंदू, हातात जुना ॲम्प्लिफायर. कुणीच हात लावायला तयार नव्हतं. बाईंनी पाणी दिलं, ॲम्प्लिफायर उघडला आणि म्हणाल्या, "उस्ताद, हे होऊन राह्यलं तवर दुकान तेवढं झाडून घ्या."

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, "आणि झाडलं त्यानं?"

"झाडलं. कोपरे सोडले व्हते."

"मग?"

"मंग काय? म्हटलं, उस्ताद, कोपरे राह्यले."

ॲम्प्लिफायर त्यांनी अस्सल दुरुस्त केला. खाली पडलेला आवाज वर आणून दिला. आत पेन्सिलीनं लिहिलं. पण कोपरे झाडून घेतल्याशिवाय दिला नाही. कुणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसाशी असं वागू नये. मी म्हणते, दीड वर्ष एका पोरीशी तसं वागू नये. आधी ते बोला.

माझी त्यांची भेट पत्रक वाटताना झाली. आमची संघटना लहान. दहा-बारा पोरं-पोरी आणि ओळखीचा एक झेरॉक्सवाला. पत्रकं मी लिहायची. दुकानात एक ठेवून निघाले, तर मागून हाक आली.

"ए पोरी. हे कोनं लिवलं?"

"मी."

बाईंनी कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्यासमोर मोजायला घेतलं. "'अन्यायकारी' सात खेपा हाये. 'जुलमी' चार खेपा. आन कोनाचं नाव येकही खेप नाई. हे वाचून कोन भेईन? तारीख टाक, जागा टाक, कोन काय बोल्ला थे टाक. मंग अन्याय नाई टाकला तरी चालते."

मला राग आला. दोन दिवस धुसफुसले. तिसऱ्या दिवशी पत्रक नव्यानं लिहिलं आणि दाखवायला गेले. त्यांनी एक 'जुलमी' तरीही काढला. तेव्हापासून मी त्यांच्या लेखी 'पत्रकवाली'.

आता लेटरहेडवाल्या साहेबांकडे येते. तालुक्याचं नाव लिहीत नाही. जिल्हा वाशिमच, रिसोडवरून एसटीनं तासाभराचं अंतर. बाईंचा सल्ला मोडून नाव गाळते आहे, कारण त्या कचेरीत एक गरीब माणूस अजून कंत्राटावर आहे आणि त्याच्या पोटावर पाय नको. तो पुढं येईल, बदललेल्या नावानं.

बाई तेव्हा एका प्रशिक्षण केंद्रात तासिकेवर शिकवायच्या. पोरांकडून त्यांनी त्या कचेरीसाठी एक खोका बनवून घेतला. प्लायवूडचा, छातीएवढ्या उंचीवर ठेवायचा. आत पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर. एकाच हिरव्या बोर्डावर सगळं बसवलेलं असतं तसला. समोर सात इंची टचस्क्रीन. वर चार-पाच पट्ट्या : कार्यालयीन वेळ, दाखल्यांची कागदपत्रं, कोण कुठं बसतं. आणि सगळ्यात खाली मोठं हिरवं बटण : 'तक्रार बोला'. दाबलं की टुक् वाजायचं, मग एक मिनिट बोलायचं. बोललेलं सरळ जिल्ह्याच्या कचेरीत जायचं. लिहिता येत नाही म्हणून कुणी परत जाऊ नये, हा बाईंचा हट्ट. ते जिल्ह्याला जावं, तालुक्यात अडकू नये, हाही त्यांचाच.

पहिले काही महिने खोका चांगला चालला. लोक रांग लावून बोलले. मग एक दिवस स्क्रीनवर वरच्या बाजूला साहेबांचा फोटो आला. हात जोडलेले, मागं फुलांची कमान, 'सुस्वागतम'. आणि त्याच आठवड्यापासून तक्रारी थांबल्या. एकही नाही. साहेबांनी वर कळवलं : शून्य तक्रार. वरून प्रशस्तिपत्र आलं. ते मोठं करून जिन्यात लावलं. सत्काराची सभा ठेवली, माइक, हार, शाल.

त्या सभेत आमच्या संघटनेतल्या एका बाईनं उभं राहून सांगितलं, "साहेब, खोक्यात बोलाचं बटणच दिसत नाई."

साहेब हसले. माइक जवळ ओढला. म्हणाले, "बाईच्या हातचं यंत्र आहे ते. शिवणयंत्र असतं तर मीही भरवसा ठेवला असता."

सभागृह हसलं. कोण कोण हसलं ते मला पाठ आहे. खंडारे बाई मागं भिंतीला लागून उभ्या होत्या. त्यांना खुर्ची कुणी दिली नव्हती. पुढं एकदा तिथल्याच शिपायानं खुर्ची आणून ठेवली तेव्हा म्हणाल्या, "राहू दे बाबू. उभं राह्यलं की याद चांगली राह्यते."

आठवडा गेला आणि केंद्रानं निरोप दिला, सोमवारपासून तासिका नाही. कचेरीतून वेगळा कागद आला : सदर यंत्र शासकीय मालमत्ता असून संबंधितांनी ते उघडू नये.

मी पेटलेच होते. म्हटलं, "मोर्चा काढू. साहेबाचा पुतळा जाळू."

"पुतळा कायले जाळतं? पुतळ्यानं काय केलं?"

"मग तुम्हाला पाहिजे तरी काय?"

हे त्यांनी सावकाश सांगितलं, स्क्रू काढता काढता. "ज्या माइकवर थो बोल्ला, त्याच माइकवर त्यानं म्हनलं पायजे, मशीन बरोबर व्हती. त्याच्या तोंडानं. बस. तासिका नाई पायजे मले, सत्कार नाई पायजे. येवढंच पायजे."

एवढंच. मला तेव्हा ते फार थोडं वाटलं. आता वाटतं, एखाद्या साहेबाच्या पुतळ्याची राख करणं त्यापेक्षा सोपं असतं.

आम्ही दोघी एसटीनं त्या कचेरीत गेलो. बाईंनी डोक्यावरून पदर घेतला, टेस्टर त्याखाली झाकला. मी म्हटलं, "उघडायची मनाई आहे ना?" म्हणाल्या, "उघडाची. बोट लावाची नाई."

त्यांनी सगळ्यात वरच्या पट्टीला बोट लावलं. बरोबर तीच उघडली. मधल्या पट्टीला लावलं, तर खालची उघडली. मी म्हटलं, बिघडलं हे, काच गेली. "थांब व." मग त्यांनी हाताची चार बोटं आडवी करून काचेच्या वरच्या कडेपासून लावली आणि चौथ्या बोटाखाली दाबलं. उघडलं ते जवळपास पाचव्या बोटाच्या ठिकाणचं, अगदी खालच्या कडेचं. पुन्हा केलं. दोन बोटं, फरक अर्ध्या बोटाचा. चार बोटं, फरक एका बोटाचा. वर कमी, खाली जास्त. मागं रांगेतला माणूस म्हणाला, "आजी, दाखला कुठं भेटते तेवढं पाह्यचं व्हतं." बाई बाजूला झाल्या. चेहऱ्यावर असं काही होतं, की मला वाटलं यांना पेढे मिळाले.

परतीच्या एसटीत त्यांनी मांडीवर माझं पत्रक पसरलं आणि त्यावर स्वतःचा बसपास ठेवला.

"हे पाय. पास म्हंजे काच. आठशे बाय चारशे ऐंशी ठिपके. मी कॉम्प्युटरले तेवढंच सांगून ठेवलं व्हतं. आता कोनं तरी त्याले सांगतलं, काच मोठी हाये, हजार चोवीस बाय सहाशे. तर थो येवढं मोठं चित्र काढते. पत्रकायेवढं. आन काच तर पासायेवढीच. दिसन किती?"

"पासाएवढं. बाकीचं कापलं जाईल."

"बाजूनं कापलं, खालून कापलं. खाली काय व्हतं?"

बटण. तक्रार बोला.

"पण मोठं कशाला केलं कुणी?"

"फोटो." बाई पहिल्यांदा हसल्या. "लहान काचीत थो लांबडा फोटो बसत नसन. तोंड चपटं दिसत असन साहेबाचं. मोठं केलं, तोंड गोल झालं. साहेबाचं तोंड नीट व्हावं म्हून लोकाईचं तोंड बंद."

हे वाक्य मी लगेच वहीत घेतलं. त्या म्हणाल्या, खोड ते, अजून पुरावा नाही.

"म्हणजे बटण गेलंच?"

"गेलं नाई. दिसत नाई. बोट लावाचा जो पडदा असते, त्याले पुरं चित्र मालूम हाये. म्हून तर चार बोटावर दाबलं की पाचव्यावर पडते. काच पाच बोटाची. चार बोटाच्या खाली जी बोटभर काच उरते ना, तिथं दाबलं की खालच्या न दिसनाऱ्या पट्टीवर पडते. बटण तिथंच हाये."

मी उडालेच. "मग उद्याच जिल्ह्याला कळवू!"

"कळवलं तर दोन मिनटात नीट करतीन आन म्हनतीन, कुठं काय व्हतं? बाईले कांगावा कराची सवय हाये. पत्रकवाले, तुह्या झेरॉक्सवाल्याले सांगून ठेव."

ते पत्रक माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पत्रक. त्यात एकही विशेषण नाही. बाईंनी पेन्सिलीनं चौकोन काढला, पाच आडव्या पट्ट्या आखल्या, शेवटची काळी केली. खाली मी लिहिलं : 'कचेरीतल्या खोक्यापाशी जा. काचेच्या अगदी खालच्या बोटभर जागेत मधोमध दाबा. तिथं बटण दिसणार नाही. टुक् आवाज येईल. आधी गावाचं नाव सांगा, मग तक्रार. एक मिनिट मिळेल.' मला शेवटी एक घोषणा टाकायची होती. बाईंनी टाकू दिली नाही.

बाजाराच्या दिवशी वाटलं. जीपमध्ये, चहाच्या टपरीवर, दळणाच्या चक्कीवर, दर्ग्याला मंगरूळपीरला निघालेल्या गाडीतसुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून माणसं खोक्यापाशी यायला लागली. यायची, काचेच्या तळाशी अंगठा दाबायची आणि बोलायची. समोर काय दिसायचं? हात जोडलेले साहेब. त्यामुळे माणसं साहेबांच्या फोटोशीच बोलताहेत असं दिसायचं. हापसी बंद आहे, शाळेचे पत्रे उडाले, वायरमन येत नाही. शिपायानं आत जाऊन सांगितलं, "साहेब, लोक तुमच्या फोटोपाशी मन मोकळं करून राह्यले." साहेब केबिनच्या काचेआडून पाहायला आले. एक म्हातारी फोटोपुढं हात हलवून हलवून बोलत होती. ऐकू काही येत नव्हतं. साहेबांचे डोळे भरून आले म्हणतात. खोका सांभाळणाऱ्या ऑपरेटरला सांगून त्यांनी मोबाईलवर तिचा फोटो काढून घेतला आणि ग्रुपवर टाकला : 'जनतेचं प्रेम'.

तो फोटो माझ्याकडे जपून ठेवला आहे. म्हातारीचा अंगठा शेवटच्या बोटभर काचेवर अगदी नेमका आहे.

आठवडाभरानं जिल्ह्यावरून फोन आला. शून्य तक्रार कळवणाऱ्या कचेरीतून तक्रारींचा पूर कसा? साहेबांनी जागच्या जागी शोध लावला : समाजकंटकांनी यंत्र हॅक केलं. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "बोट लावलं लोकाईनं. बोट लावाले बंदी हाये का?"

मग आमसभा आली. जिल्ह्याचे मोठे अधिकारी मंचावर, साहेब त्यांच्या शेजारी, तोच माइक. कचेरीचं सभागृह भरलेलं, कारण पत्रक आम्ही आमसभेचंही काढलं होतं. बाई भिंतीला लागून उभ्या.

मोठ्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे नेमकं काय झालं?"

साहेब उठले. "तांत्रिक बाब आहे सर. ऑपरेटरच्या हातून चूक झाली. रमेश, पुढं ये. माफी माग सर्वांची."

रमेशभाऊ पुढं आले. चाळिशी ओलांडलेले, कंत्राटी, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. हात जोडले. सभागृहाला वाटलं, मिटलं. मलाही क्षणभर वाटलं, चला, कुणीतरी तर कबूल केलं.

"रमेशभाऊ, तुमी बसा," मागून बाई म्हणाल्या. सगळ्यांच्या माना वळल्या. "तुमच्या तोंडचं नाई पायजे मले."

साहेब म्हणाले, "बाई, इथं वेळ मर्यादित आहे."

"दोनच मिनटं लागते. थो खोका पडद्याले जोडा आन त्याच्यात स्क्रीनचा आकार जिथं लिवलेला हाये थे पान उघडा. मी हात नाई लावत. मले मनाईचा कागद हाये. रमेशभाऊ उघडतीन."

साहेब म्हणाले गरज नाही. मोठे अधिकारी म्हणाले, उघडा.

बाईंना कशाची खात्री होती ते मला नंतर रमेशभाऊंकडून कळलं. खोका बसवला तेव्हा तीन दिवस त्यांनीच रमेशभाऊंना शिकवलं होतं, आणि पहिल्या दिवशी बजावलं होतं : आत काही बदललं की जुनी ओळ पुसायची नाही, तिच्यापुढं खूण करून ती झोपवायची, म्हणजे ओळ दिसते पण मशीन ती मानत नाही, आणि कारण लिहायचं. त्यांच्या पेन्सिलीचीच रीत. आणि सरकारी कचेरीत वर्षानुवर्षं कंत्राटावर काढलेला माणूस कारण लिहिताना काय लिहितो, ते त्यांना ठाऊक होतं.

रमेशभाऊंनी खोका आत आणून जोडला आणि पांढऱ्या पडद्यावर ते पान आलं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं. वर बाईंची ओळ : 'सात इंची काच. आठशे बाय चारशे ऐंशी. बदलू नये. य. खंडारे.' तिच्याखालची त्यांची सेटिंग झोपवलेली. तिच्याखाली नवी सेटिंग, हजार चोवीस बाय सहाशे. आणि तिच्यावर रमेशभाऊंनी, आयुष्यभराच्या सवयीनं, स्वतःची मान वाचवायला प्रत्येक कागदावर लिहितात तेच लिहून ठेवलं होतं : 'मा. साहेबांच्या तोंडी आदेशानुसार, फोटो चपटा दिसतो म्हणून बदल. बटण दिसत नाही हे मा. साहेबांच्या निदर्शनास आणले. राहू द्या म्हणाले.'

आधी पुढच्या रांगेनं वाचलं. मग कुणीतरी मोठ्यानं वाचलं. मग सगळ्यांनी. 'राहू द्या म्हणाले' हे सभागृहानं एका सुरात म्हटलं. रमेशभाऊ खाली मान घालून उभे होते.

मी बाईंकडे पाहत होते. त्या पडद्याकडे पाहतच नव्हत्या. त्या माइककडे पाहत होत्या.

मोठे अधिकारी साहेबांना हळू काहीतरी म्हणाले. साहेब उठले. घसा साफ केला. "यंत्राची बांधणी, म्हणजे मूळ बांधणी, योग्य होती. झाल्या प्रकाराबद्दल कार्यालय दिलगीर आहे."

टाळ्या पडल्या. बाईंनी हात वर केला. टाळ्या थांबेपर्यंत तसाच ठेवला.

"कार्यालय नाई बोल्लं त्या दिवशी. तुमी बोल्ले. मशीन कोनं बनवली व्हती थेही सांगा. मागच्याईले ऐकू नाई आलं."

साहेबांनी मंचावर पाहिलं. मंचावरचं कुणी त्यांच्याकडे पाहत नव्हतं. साउंडवाल्यानं, कुणी न सांगता, आवाज वाढवला.

"यंत्र," साहेब म्हणाले, "खंडारे बाईंनी बनवलं होतं. ते बरोबर होतं. मी चुकीचं बोललो."

हे शब्द मी घड्याळ पाहून वहीत टिपले. त्यांच्या शोकसंदेशाला माझं उत्तर तेवढंच आहे. क्षमा तिथं साहेबांनी मागितली नव्हती आणि बाईंनी दिलीही नव्हती. एक वाक्य मागितलं होतं, ते वसूल केलं.

तासिका त्यांना परत मिळाल्या नाहीत. साहेबांची बदली झाली, ती बढतीवर. हे असंच असतं, आणि म्हणून मी पत्रकं लिहायचं सोडलेलं नाही. बाई पुढं महिन्याभरात गेल्या. दुकानातच, स्टुलावर बसल्या बसल्या. आमसभेनंतर माझी त्यांची भेट झाली नव्हती. मी वाशिम जिल्ह्यातल्याच मालेगावकडे दुसऱ्या कामात अडकले होते आणि आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. त्यामुळे मला त्या शेवटच्या दिसल्या त्या त्याच संध्याकाळी, सभा उठल्यावर.

मोठ्या अधिकाऱ्यांनी मनाईचा कागद तिथंच रद्द केला होता. लोक खोक्याभोवती जमले. बाईंनी रमेशभाऊंना बाजूला बसवलं, झोपवलेली स्वतःची ओळ जागी केली, नवी झोपवली, आणि वर कारण लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. खोका बंद करून चालू केला. काच काळी झाली, मग उजळली. साहेबांचा चेहरा पाटीसारखा चपटा होऊन वर दबला आणि खाली हिरवं बटण पूर्णच्या पूर्ण वर आलं. कुणीतरी शिट्टी मारली.

लोकांनी रांग धरली. पहिल्या म्हाताऱ्यानं बोट पुढं केलं, तर बाईंनी त्याचा हात धरून बाजूला केला. पदर खांद्यावर ओढला, बटण दाबलं, टुक् वाजलं. खोक्याशी वाकून त्या बोलायला लागल्या. आधी गावाचं नाव, मग स्वतःचं, मग साहेबांचं, हुद्द्यासकट, मग सत्काराच्या सभेची तारीख, मग ते शिवणयंत्राचं वाक्य, जसंच्या तसं. मिनिट संपलं. त्यांनी पुन्हा दाबलं. रांग मागं जिन्यापर्यंत गेली होती.

"आजी, आमचा नंबर कवा?" म्हातारा म्हणाला.

"थांबा," बाई मागं न पाहता म्हणाल्या, "माहं आजून चालू हाये." आणि तिसऱ्यांदा दाबलं.